वाड्याच्या नकाशापासून गोव्याच्या नकाशापर्यंत

उंची, माती, पाणी आणि त्यांच्या आधाराने चालणारे माणसांचे जगणे ज्या भूभागात बऱ्याच अंशी सारखे असते, त्याला नैसर्गिक विभाग म्हणतात. राज्याच्या नैसर्गिक विभागांची ओळख मुलांना प्राथमिक शाळेत, साधारण तिसरी ते पाचवीच्या टप्प्यावर होते. पुष्कळदा हा पाठ छापील नकाशात तीन रंग भरून आणि प्रत्येक रंगाची चार वैशिष्ट्ये पाठ करून संपतो. मुलाचा नकाशा नीटनेटका होतो, पण दोन रंगांमधली रेघ तिथेच का, हे त्याला सांगता येत नाही. ही रेघ मुलाने स्वतः शोधून आखली, की विभाग म्हणजे काय हे त्याला उमगते. नकाशा काढत भूगोल शिकवण्याच्या पद्धतीचे सारे बळ या एका गोष्टीत आहे.

या पद्धतीसाठी गोव्यासारखे सोयीचे राज्य क्वचितच सापडेल. राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, दक्षिणोत्तर लांबी सुमारे १०५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम रुंदी साधारण ६० किलोमीटर. सकाळी समुद्रकाठी निघालेली शाळेची बस दुपारपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी पोचते. उत्तरेकडचे पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके तर या अभ्यासासाठी जणू जोडीनेच मांडून ठेवले आहेत. पेडण्याला समुद्रकिनारा आहे. डिचोलीला तो नाही, पण नद्यांतून चढणारे भरतीचे पाणी आहे.

गोव्याचे तीन पट्टे

गोव्याची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे चढत जाते. पहिला पट्टा किनारी सखल भागाचा. पुळण, माडांची भाटे, नद्यांची रुंद मुखे आणि भरतीच्या पाण्यालगतची खाजने ही त्याची ओळख. दुसरा पट्टा मधल्या भागाचा. जांभ्या दगडाचे सपाट माथे, म्हणजे सडे, त्यांच्या उतारावरच्या काजूच्या बागा आणि दोन सड्यांमधल्या दरीतली भातशेती व कुळागरे, म्हणजे सुपारीच्या मिश्र बागा, त्यात येतात. तिसरा पट्टा सह्याद्रीचा. दाट जंगल, तीव्र उतार आणि नद्यांचे वरचे प्रवाह तिथे आढळतात. सत्तरी तालुक्याच्या हद्दीवरचा सोसोगड सुमारे १,१६६ मीटर उंच असून तो राज्यातला सर्वांत उंच डोंगर मानला जातो.

पाऊसही या चढणीप्रमाणे बदलतो. जून ते सप्टेंबर या महिन्यांत गोव्यात सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. म्हणून किनाऱ्यावरच्या पणजीपेक्षा डोंगराजवळच्या वाळपईत अधिक पाऊस होतो.

हे तीन पट्टे आणि राज्याचे बारा तालुके यांची मुलांच्या मनात सहज गल्लत होते. तालुक्यांच्या हद्दी कारभारासाठी आणि इतिहासाच्या ओघात ठरल्या. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले प्रदेश, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्या. पेडणे, डिचोली, सत्तरी हे नव्या काबिजादींतले तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या सत्तेखाली आले. नैसर्गिक विभाग मात्र उंची, खडक आणि पाणी यांनी घडवले. एकच तालुका दोन-तीन पट्ट्यांत पसरलेला असू शकतो, हे मुलांना नकाशावर आधी दिसावे आणि व्याख्या नंतर यावी.

वरून पाहायला शिकणे

नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जमीन. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ही कल्पना वाटते तितकी सोपी नसते. जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांचे मुलांच्या अवकाशकल्पनेवरचे पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध झाले. त्यात तीन डोंगरांच्या एका प्रतिकृतीचा प्रयोग आहे. प्रतिकृतीच्या दुसऱ्या बाजूला ठेवलेल्या बाहुलीला काय दिसत असेल, असे विचारले असता लहान मुले स्वतःला दिसणारे दृश्यच दाखवत. दुसऱ्या जागेवरून पाहण्याची क्षमता वयाबरोबर आणि सरावाने येते. नकाशात तर अशा जागेवरून पाहायचे असते, जिथे मूल कधी उभे राहिलेले नसते.

म्हणून सुरुवात हाताशी असलेल्या वस्तूंपासून होते. मुले काडेपेटी, वाटी आणि खोडरबर कागदावर ठेवून त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवतात. वस्तू उचलली की तिचा वरून दिसणारा आकार कागदावर उरतो. वाटीचे वर्तुळ पाहून ‘ही वाटीच कशावरून, पेलाही असेल’ अशी शंका कोणीतरी काढतोच. मग त्या वर्तुळाजवळ खूण करावी लागते आणि खुणेचा अर्थ बाजूला लिहावा लागतो. नकाशाची सूची अशी गरजेतून जन्माला येते.

त्यानंतर वर्गखोली. लांबी-रुंदी पावलांनी मोजायची आणि चौकटीच्या वहीत एका पावलाला एक चौकोन या हिशेबाने उतरवायची. एकाच्या मापाने वर्ग चौदा पावले लांब, दुसऱ्याच्या मापाने सतरा, असा फरक निघतो. सर्वांना मान्य होईल असे माप का लागते, हे त्या वादातून कळते आणि मीटरपट्टीला अर्थ येतो. हेच नकाशाचे प्रमाण.

दिशा शिकवताना कोकण-गोव्याच्या बोलण्यातली एक सवय ध्यानात ठेवावी लागते. इथे घाटावर जाणे म्हणजे ‘वर’ जाणे, आणि घाट पूर्वेला आहे. कागदावर मात्र वरची बाजू उत्तरेची. त्यामुळे मुले सह्याद्री कागदाच्या माथ्याशी काढतात आणि समुद्र तळाशी. ही चूक नुसती खोडण्यापेक्षा समजून घ्यावी, कारण त्या मुलाने चढ अचूक ओळखलेला असतो. सुरुवातीला नकाशा भिंतीवर न टांगता जमिनीवर पसरावा. त्याचा पूर्वेकडचा काठ खरोखर पूर्वेकडे फिरवावा आणि मुलांनी त्याभोवती उभे राहावे. उंचीचे ‘वर’ आणि कागदाचे ‘वर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मग हळूहळू मनात बसते.

गावाचा नकाशा

वर्गानंतर शाळेचे आवार, मग वाडा, म्हणजे गावातली आपली वस्ती, मग गाव. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ ल्यूसी स्प्राग मिचेल यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘यंग जिऑग्राफर्स’ या पुस्तकात हाच आग्रह धरला होता: मुलांनी आपल्या परिसरात हिंडावे, पाहिलेल्या गोष्टींमधले संबंध शोधावेत आणि ते नकाशात मांडावेत.

गावाच्या नकाशासाठी चिन्हे मुलांनीच ठरवलेली बरी. मात्र वाडा, देऊळ, कपेल, दुकान आणि शाळा एवढ्यावर न थांबता जमिनीचे प्रकारही नकाशात यायला हवेत. गोव्यातल्या शेतकऱ्यांकडे त्यासाठी नेमके शब्द तयार आहेत. उंचावरची, पावसाच्या पाण्यावर पिकणारी पायऱ्यांची भातशेती म्हणजे मोरड. त्याखालची, ओल धरून ठेवणारी रेताड जमीन म्हणजे खेर. भरतीच्या पातळीलगतची खारट सखल जमीन म्हणजे खाजन. हे तीन शब्द म्हणजे शेताच्या उंचीनुसार केलेले वर्गीकरणच आहे. मोरडाला तपकिरी, खेराला पिवळा आणि खाजनाला निळसर हिरवा रंग दिला, की गावाच्या नकाशात उतार आपोआप उमटतो. पुढे राज्याच्या नकाशात तीन पट्टे येतात तेव्हा मुलांना ती कल्पना ओळखीची वाटते.

पाण्याची नोंद वेगळ्या रंगाने घ्यावी. प्रत्येक विहिरीपुढे वडीलधाऱ्यांना विचारून तीनपैकी एक खूण करायची: गोडे, मचूळ किंवा खारे. कडक उन्हाळ्यात कोणत्या विहिरीचे पाणी मचूळ होते, हे घरच्या आजीला हमखास ठाऊक असते. या खुणा पुरेशा जमल्या, की मचूळ विहिरी संपून गोड्या विहिरी कुठून सुरू होतात ते नकाशावर दिसू लागते. तिथून मुलाने ओढलेली रेघ हीच त्याने आखलेली पहिली नैसर्गिक सीमा.

पेडणे: समुद्रापासून डोंगरापर्यंत एक रेघ

गाव झाले की तालुका. त्यासाठी उपयोगी पडतो जमिनीचा छेद. नकाशावर एक सरळ रेघ ओढायची आणि तिच्यावरून चालत गेल्यास क्रमाने काय भेटेल, ते लांबट कागदाच्या पट्टीवर काढायचे.

पेडणे तालुक्यात अशी रेघ मोरजीच्या किनाऱ्यापासून पूर्वेला चांदेलपर्यंत ओढता येते. तिची लांबी साधारण २० किलोमीटर भरते. सुरुवातीला मोरजीची पुळण. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे तिथे अंडी घालायला येतात. मागे माडांची भाटे. मग शापोरा नदीकाठचे चोपडे आणि मिठागरांसाठी ओळखला जाणारा आगरवाडा. इथे खाजन सुरू होते. पुढे जमीन चढते आणि पार्से, तुये या भागांतले जांभ्याचे सडे व त्यांच्या कुशीतली गावे येतात. धारगळच्या पलीकडे टेकड्या दाटत जातात आणि चांदेल, हसापूर, इब्रामपूरच्या बाजूला सह्याद्रीची चाहूल लागते. किनारा सगळीकडे सपाट नसतो, हे दाखवायला उत्तरेकडचा हरमल ते केरी हा भाग पाहावा. तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि किनाऱ्याला लागूनच गोड्या पाण्याचे तळे आहे.

छेदावरच्या दोन जागा थांबून पाहण्यासारख्या आहेत. पहिली खाजन. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन असल्याचे मानले जाते. ती नदीपासून मातीच्या बांधाने वेगळी केलेली असते आणि बांधात मानस नावाची लाकडी दारे बसवलेली असतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की दार मिटते. ओहोटीला नदीची पातळी उतरली, की आतल्या पाण्याच्या रेट्याने ते उघडते. मातीचा बांध घातलेल्या परातीत वरून सैल टांगलेली पुठ्ठ्याची पट्टी लावली, की हे तंत्र वर्गातही दाखवता येते. याच जमिनीत खारेपणा सोसणारा कोरगुट भात पिकतो. नकाशावरचा निळसर हिरवा रंग त्यामुळे नुसत्या सखल जमिनीचा राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी राखलेल्या जमिनीचा होतो.

दुसरी जागा सडा. उन्हाळ्यात तो उघडा आणि रखरखीत दिसतो, म्हणून मुले त्याला ‘ओसाड’ ही खूण देतात. पावसाळ्यात मात्र तिथे सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती आणि रानफुले उगवतात. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांतून बाहेर येते आणि खालच्या कुळागरांना मिळते. सडा आणि कुळागर बाणाने जोडले की नकाशातले संबंध बोलू लागतात. मोपाच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला आणि तिथून प्रवासी वाहतूक ५ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाली. सपाट माथ्याची ती मोठी जागा धावपट्टीसाठी उपयोगी ठरली. जमिनीचा आकार आणि माणसाचा तिथला वापर यांचे नाते समजावायला हे जवळचे उदाहरण आहे.

तालुक्याच्या उत्तर टोकाला नकाशा काढणाऱ्याला एक कोडे भेटते. तेरेखोल नदी ही गोवा आणि महाराष्ट्र यांच्यामधली सीमा, असे पुस्तकात असते. प्रत्यक्षात तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात आहेत. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली तरी माणूस गोव्यातच उतरतो. नदी निसर्गाची, सीमा इतिहासाची. दोन्ही पुष्कळ ठिकाणी एकत्र चालतात आणि एखाद्या ठिकाणी फारकत घेतात. हा धडा तेरेखोलच्या एका फेरीत शिकून होतो.

डिचोली: नदीचा तालुका

डिचोलीचा नकाशा किनाऱ्यापासून सुरू करता येत नाही. तो पाण्यापासून सुरू करावा. आधी मांडवी, तिला मिळणारी साखळीजवळची वाळवंटी, मग डिचोलीची नदी, आणि उत्तर टोकाला साळ गावाजवळची शापोरा, असे प्रवाह काढायचे. नद्या निळ्या रेघेत उतरल्या की त्यांच्यामधली उंच जमीन न सांगता कळते.

मांडवीकाठच्या नार्वे, पिळगाव या भागांत भरतीचे पाणी पोचते, म्हणून समुद्रापासून आत असूनही तिथे खाजन आहे. किनारी पट्टा म्हणजे समुद्रापासून अमुक किलोमीटर, ही समजूत इथे गळून पडते. भरतीची पोच नदीच्या वाटेने आत शिरते आणि सीमेची रेघ सरळ न राहता नदीबरोबर बोटासारखी आत वळते. हरवळ्याचा धबधबा आणि जांभ्यात कोरलेली लेणी मधल्या पट्ट्याची साक्ष देतात. पूर्वेकडे सत्तरीच्या दिशेने पात्रालगत पाणी ओसरल्यावर केली जाणारी पुरण शेती हेही नदीच्या वागण्याशी जुळवून घेतल्याचे उदाहरण.

डिचोलीच्या नकाशात खाणी टाळता येत नाहीत. लोहखनिजाचा पट्टा डिचोलीच्या टेकड्यांतून दक्षिणेला सांग्यापर्यंत जातो. खनिज नदीकाठच्या धक्क्यांवर आणायचे आणि बार्जेसमधून मांडवीच्या वाटेने मुरगाव बंदराला न्यायचे, अशी व्यवस्था अनेक दशके चालली. टेकडी, धक्का, नदी आणि बंदर ही साखळी एका नकाशावर जोडली, की तिन्ही पट्टे एकमेकांवर कसे अवलंबून आहेत ते उमगते. २०१२ साली राज्यातले खाणकाम थांबले. त्यानंतर ते अधूनमधून, मर्यादित प्रमाणात चालले. खाणकामाने टेकड्यांची उंची बदलली, नवे खड्डे पडले आणि काहींत पाणी साचले. एकाच जागेचे जुने आणि नवे दोन नकाशे शेजारी ठेवले, की जमीन कायम तशीच राहत नाही हे कळते. म्हणूनच प्रत्येक नकाशावर साल लिहिण्याची शिस्त मुलांना लावावी.

जमिनीवरचा गोवा

गावे आणि तालुके हाताखालून गेल्यावरच राज्याचा नकाशा यावा. वर्गाच्या किंवा व्हरांड्याच्या जमिनीवर एक सेंटिमीटरला एक किलोमीटर, म्हणजे १:१,००,००० या प्रमाणात गोवा काढला, तर तो सुमारे १०५ सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद होतो. दहा-बारा मुले भोवती बसून काम करू शकतील एवढे हे माप आहे. बाह्यरेषा, नद्या आणि उंचीच्या नोंदी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरून घेता येतात. १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर पडतो, म्हणून अंतर निम्मे केले की काम होते. इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर उपग्रहातून टिपलेली जमीनही पाहता येते.

आता उठावाचा नकाशा. डिचोली कुंभारकामासाठी ओळखली जाते, तेव्हा तिथल्या वर्गांना माती शोधायला लांब जावे लागत नाही. याच प्रमाणात सोसोगड किती उंच होईल, हे गणित मुलांपुढे ठेवावे. उत्तर निघते जेमतेम १.२ सेंटिमीटर. मोपाचा सडा तर दीड-दोन मिलिमीटरांचा. एवढा मोठा वाटणारा सह्याद्री राज्याच्या रुंदीपुढे किती पातळ आहे, हे पाहून मुले थक्क होतात. उठाव दिसावा म्हणून उंची दहापट वाढवायची, म्हणजे दर १०० मीटरला एक सेंटिमीटरचा थर. अशी उंची वाढवली आहे, ही नोंद सूचीत लिहायला विसरायचे नाही.

थर वाळले की डोंगराच्या बाजूने शिंपणीतून पाणी सोडावे. पाणी खाचांतून पश्चिमेकडे धावते, सखल भागात पसरते आणि किनाऱ्याशी रेंगाळते. साखळीसारख्या नदीकाठच्या गावांना मोठ्या पावसात पुराची भीती का असते, हे तेव्हा वेगळे सांगावे लागत नाही.

सीमा कुठे आखायची

शेवटचे काम पट्ट्यांच्या सीमा आखण्याचे. मुलांचे तीन-चार गट करून प्रत्येकाने पारदर्शक कागदावर आपली सीमा आखायची आणि तिचे कारण सांगायचे. एक गट उंची धरतो, दुसरा भरतीची पोच, तिसरा पीक, चौथा खडक. सगळे कागद एकावर एक ठेवले की रेघा काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी विस्कटतात. जुळतात तिथे विभागाची सीमा ठळक. विस्कटतात तिथे एक पट्टा दुसऱ्यात हळूहळू मिसळतो, म्हणून रेघेऐवजी फिकट छटा वापरावी. तज्ज्ञांच्या नकाशांतही विभागांच्या सीमा थोड्याफार वेगळ्या का दिसतात, याचे उत्तर यातच आहे.

याच कागदांवर तालुक्यांच्या हद्दी ठेवल्या, की पेडणे तिन्ही प्रकारच्या जमिनींना स्पर्श करते आणि डिचोली बहुतांशी मधल्या पट्ट्यात बसते हे स्पष्ट होते.

नकाशा तपासताना

मुलांच्या नकाशांत काही चुका वारंवार दिसतात. नदी राज्याच्या सीमेवर येऊन अचानक थांबते किंवा तिथूनच उगवते. खरे तर शापोरा सिंधुदुर्ग जिल्ह्यातून तिळारी या नावाने येते आणि मांडवी म्हादई या नावाने बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून. म्हणून नकाशात सीमेपलीकडची थोडी जमीन काढायला सांगावी. दुसरी चूक म्हणजे समुद्राकडे सगळी पुळणच दाखवणे. तिसरी, डोंगरांची चिन्हे सुटी-सुटी विखुरणे. खरा सह्याद्री सलग रांगेत आहे आणि नद्या तिच्यातूनच निघतात.

मूल्यमापनात रेघांच्या सफाईपेक्षा कारणांना अधिक गुण असावेत. प्रत्येक मुलाला कोऱ्या बाह्यरेषेवर आपले गाव, त्याचा पट्टा आणि शेजारचा पट्टा दाखवून तीन प्रश्नांची उत्तरे द्यायला सांगता येईल: इथे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, इथे काय पिकते आणि का, आणि सीमा इथेच का आखली. आगरवाड्याचे मूल भरतीचे आणि मानसीचे कारण देईल. साळचे मूल नदीचे आणि डोंगराचे. दोघांची उत्तरे वेगळी असतील आणि दोन्ही बरोबर असतील.